कोंबडी मलूल बसते तेव्हा

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण हसतील, आणि हसायला माझी हरकत नाही. आजारी पडलेल्या कोंबडीची घरच्या घरी शुश्रूषा कशी करावी, हा तो विषय. गाईम्हशींच्या आजारांवर आपण पुष्कळ ऐकतो. कुत्र्यामांजरांसाठी शहरात चौकाचौकांत दवाखाने निघाले आहेत. परसातल्या कोंबडीच्या आजारावर मात्र पिढ्यान् पिढ्या एकच औषध ठरलेले आहे, आणि ते म्हणजे सुरी. 'मरायच्या आत कापून टाका,' हा सल्ला द्यायला कुणी पशुवैद्य लागत नाही. वाटेने जाणारा माणूसही तो फुकट देतो.

मी स्वतः पशुवैद्य नव्हे. कविता लिहिणारा, बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस आहे. पण घरात कोंबड्या पाहतच लहानाचा मोठा झालो आणि आजही आमच्या घरामागे चार-पाच कोंबड्या आहेत. जाणत्या डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून आणि कोंबड्यांकडे बघून जे कळले, ते सांगतो आहे.

मी राहतो खराडीत. १९९७ साली खराडी पुणे महापालिकेत आली. नंतर ज्वारी-बाजरीच्या रानांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता परदेशातल्या घड्याळावर काम करणारी मुले पहाटे गाडीतून घरी परततात. त्याच वेळी गावठाणातल्या एखाद्या पत्र्यावर कोंबडा आरवत असतो. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. आमच्याकडे इमारतींनी पूर्व दिशा झाकली तरी कोंबडा काही आरवायचा राहिलेला नाही. घरामागे हातभर जागा आहे तिथे अजून खुराडे आहे, डालगे आहे आणि संध्याकाळी कोंबड्या मोजून आत घेणारी एखादी म्हातारी आहे. अंड्यांच्या चार पैशांवर तिचा चहा-साखरेचा खर्च निघतो. अशा घरात एक कोंबडी आजारी पडणे ही लहान गोष्ट नसते.

पहिली अडचण अशी की, कोंबडी आजारी आहे हे लवकर कळतच नाही. कोंबडी हा भक्ष्य होणारा पक्षी. कळपात जो दुबळा दिसतो त्याच्यावर घारीची, मांजराची नजर आधी जाते आणि बरोबरीच्या कोंबड्याही त्यालाच टोचतात. म्हणून ती आजार लपवते. अंगात बळ आहे तोवर इतरांबरोबर दाणे टिपल्याचे सोंग करते. तुमच्या डोळ्यांना ती आजारी दिसते, तेव्हा बहुधा तिला आजारी पडून दोन-तीन दिवस झालेले असतात.

तेव्हा रोज सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे नुसते बघत उभे राहावे. कोण आधी बाहेर आले, कोण मागे राहिले? दाणे टाकल्यावर कोण धावले नाही? तुरा लालभडक आहे की फिकट, की काळसर-निळा? पंख सावरलेले आहेत की खाली लोंबताहेत? भर उन्हात पिसे फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून कोणी बसले आहे का? रात्रीच्या विष्ठेकडेही नजर टाकावी. तपकिरी-करडी आणि वर पांढरी टोपी असलेली विष्ठा निरोगी. हिरवी पाण्यासारखी किंवा रक्त पडलेली असेल, तर समजावे की काहीतरी बिघडले आहे.

इथे एक सावधगिरी सांगतो. खुडूक कोंबडी म्हणजे आजारी कोंबडी नव्हे. खुडूक कोंबडीही एका कोपऱ्यात पिसे फुलवून बसते आणि खायला कमी येते. पण तिच्याजवळ हात नेला की ती अंग फुगवून गुरगुरते, टोचते. तिचा तोरा कायम असतो. आजारी कोंबडीला हात लावला तर ती लावू देते, आणि एरवी हाती न लागणारी कोंबडी सहज हाती लागते तेव्हाच काळजात चर्र व्हावे.

आता करायचे काय? पहिले काम म्हणजे तिला वेगळी करणे. याने दोन गोष्टी साधतात. रोग पसरणारा असेल तर बाकीच्या वाचतात आणि तिला इतरांच्या चोचींपासून सुटका मिळते. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका, तळाला जुने वर्तमानपत्र किंवा पेंढा, वर हवा खेळेल असे झाकण. वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादक मला माफ करतील. शिवाय त्याचा फायदाही आहे. विष्ठा कशी पडते, किती पडते, ते कागदावर स्पष्ट दिसते.

दुसरे काम ऊब देण्याचे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे आपल्याला जो कडक ताप वाटावा, ते तिचे रोजचे अंग. आजारी पक्ष्याची बरीचशी शक्ती हे अंग गरम ठेवण्यातच जाते. म्हणून खोक्याच्या एका बाजूला, तिची चोच पोचणार नाही अशा उंचीवर, साधा पिवळा दिवा टांगावा. दुसरी बाजू थंड राहू द्यावी, म्हणजे नको वाटल्यास तिला सरकता येते. दिवा कागदाला, पेंढ्याला टेकणार नाही हे मात्र पक्के बघावे. उन्हाळ्यात उलटे करावे लागते. मे महिन्यात पत्र्याच्या खुराड्यात उष्म्यानेच कोंबड्या चोच वासून धापा टाकतात. त्यांना सावली आणि गार पाणी हेच औषध.

तिसरे काम पाण्याचे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि अंड्याचाही तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. म्हणून आजारात अन्नाआधी पाणी. घरात क्षार-साखरेची पुडी असेल तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळून एखादा दिवस ठेवावी, शेजारी साधे पाणीही असू द्यावे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कोंबडीची चोच उघडून घशात पाणी ओतू नका. तिची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. चोचीचे टोक पाण्यात बुडवावे किंवा चोचीच्या कडेला एक-एक थेंब सोडावा. ती स्वतः मान वर करून गिळते. कोंबडी पाणी पिताना दर घोटाला आभाळाकडे बघते, ती जणू वरच्याचे आभार मानते, असे आमच्या घरातली जुनी माणसे सांगत. शास्त्र सांगते की तिला आपल्यासारखे पाणी ओढून घेता येत नाही, म्हणून मान वर करून ते खाली उतरवावे लागते. दोन्ही स्पष्टीकरणे मला आवडतात.

खाण्यासाठी ज्वारी-बाजरीच्या भिजवलेल्या कण्या आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक द्यावा. कोंबडीला अंडे कसे द्यायचे, असे वाटून घेऊ नये, पिलू अंड्यात असते तेव्हा तेच खाते. जबरदस्तीने भरवू मात्र नये.

मग कोंबडी मांडीवर घेऊन शांतपणे तपासावी. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी, दाणे टाकण्याआधी, रिकामी असायला हवी. ती दगडासारखी घट्ट असेल किंवा पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे. शहराजवळच्या कोंबड्यांना हा नवा रोग आहे. लांब गवताबरोबर मांजाचा तुकडा, गुटख्याची पुडी, नायलॉनचा दोरा अशा वस्तू पोटात जातात. पंखांखाली आणि शेपटीखाली पिसे बाजूला करून उवा-पिसवा, गोचिडी बघाव्यात. रात्रभर रक्त पिणाऱ्या या पाहुण्यांनीही तुरा पांढरा पडतो. त्यासाठी आपल्याकडे राखेचा ढीग ठेवायची जी पद्धत होती, ती शहाणपणाची होती. कोंबडी त्यात लोळून स्वतःचे अंग साफ करते. तळपाय उलटून बघावेत, काच लागून गाठ झालेली असते. छातीचे हाड हाताला सुरीसारखे लागले तर समजावे की आजार जुना आहे.

एक आजार असा आहे की त्यात घरच्या माणसाचा हात खरोखर उपयोगी पडतो. तो म्हणजे अंडे अडकणे. अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले २० तास नुसत्या कवचाला लागतात, आणि एका कवचासाठी कोंबडी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम शरीरातून काढून देते. खाण्यात चुना कमी पडला, कोंबडी पहिलटकर तलंग असली किंवा अंडे मोठे असले, की ते अडकते. कोंबडी शेपटी खाली घालून उभीच्या उभी राहते, कुंथते, पुन्हा पुन्हा अंड्याच्या जागी जाऊन रिकामी परत येते.

काही हिवाळ्यांपूर्वी आमच्या तांबडीचे असे झाले. आम्ही तिला घेऊन प्राण्यांच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलीने अर्ज पुढे केला. 'पेटचे नाव?' मी म्हणालो, 'तांबडी.' 'ब्रीड?' म्हटले, 'गावठी.' तिने वर बघितले आणि 'आम्ही पक्षी घेत नाही' असे सांगितले. रांगेतल्या एका गलेलठ्ठ कुत्र्याने आमच्याकडे फार आस्थेने पाहिले, तेवढीच विचारपूस. सरकारी पशुवैद्यांना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितले, 'कोमट पाण्याच्या घमेल्यात पोट बुडेल अशी पंधरा-वीस मिनिटे बसवा. गुदद्वाराला खोबरेल तेल लावा. मग अंधाऱ्या, उबदार जागी एकटी सोडा. पोट दाबू नका. अंडे आत फुटले तर वाचणार नाही. संध्याकाळपर्यंत आले नाही तर घेऊन या.' माझ्या बायकोने तांबडीला घमेल्यात धरले. पाच मिनिटांत तिने डोळे मिटले आणि मान बायकोच्या मनगटावर टेकली. दुपारी चारला अंडे आले. त्याचे कवच कागदासारखे मऊ होते. त्या दिवसापासून आमच्याकडे शिंपल्यांचा चुरा आणि भाजून कुटलेली अंड्यांची टरफले एका वाटीत कायम असतात.

आता रोगांविषयी. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या आल्या तर त्या कोंबडीच्या देवी. या मुख्यतः डासांमुळे पसरतात. आमच्याकडे डासांची वाण नाही. मुळा-मुठेच्या पात्रात जलपर्णी माजते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडी भागात नदीवर थव्यांचे जे उंच खांब उभे राहिले, त्यांना लोकांनी 'डासांची वावटळ' म्हटले आणि त्याची चित्रे देशभर फिरली. माणसांनी खिडक्यांना जाळ्या लावल्या. खुराड्यालाही जाळी लावावी, हे कुणाला सुचले नाही. देवीच्या खपल्या ओरबाडू नयेत. डोळे कोमट पाण्याने पुसून उघडे ठेवावेत, कारण डोळे चिकटले की कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती देवीऐवजी भुकेने मरते. तोंडात, घशात फोड नसतील, तर काही आठवड्यांत पुष्कळ कोंबड्या यातून उठतात.

दुसरा रोग त्याहून वाईट. मान वाकडी होते, चोच वासून श्वास चालतो, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात, शास्त्राच्या पुस्तकात राणीखेत. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावाजवळ हा रोग ओळखला गेला. त्याच सुमारास आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला तो आढळला. म्हणून जगात त्याचे नाव न्यूकॅसल आणि भारतात राणीखेत. मराठीने मात्र गावाचे नाव घेतले नाही, जे दिसले ते म्हटले. आणि गंमत म्हणजे, १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत माणसे पटापट मेली, तेव्हा त्या साथीलाही आपल्या लोकांनी मानमोडीच म्हटले. दोन्ही रोगांचे विषाणू वेगळे आहेत. पण माणसाच्या आणि कोंबडीच्या मरणाला एकच शब्द वापरणारी भाषा मला कवी म्हणून जवळची वाटते. १९१८ च्या त्या विषाणूचा उगमही पक्ष्यांमधल्या फ्ल्यूकडे जातो, असे संशोधकांनी पुढे दाखवले.

राणीखेतवर औषध नाही, लस आहे. पिलू आठवड्याचे व्हायच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, आणि साधारण दोन महिन्यांची झाल्यावर दुसरी लस टोचून. कोंबड्यांच्या रोगांवरच्या लसी आपल्या पुण्यातच, औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात. मग परसातल्या कोंबड्या मानमोडीने का मरतात? कारण कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि म्हातारीकडे कोंबड्या असतात पाच. लस बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? यावर उपाय एकच. गल्लीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवायचा, बर्फाच्या डब्यातून कुपी आणायची आणि एका सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस देऊन मोकळे व्हायचे. पोलिओचा डोस आपण असाच दिला होता. लस मात्र निरोगी कोंबडीला द्यायची, आजारी पडल्यावर नव्हे.

औषधांबद्दलही दोन शब्द. माणसाच्या डब्यातली उरलेली प्रतिजैविकाची गोळी चुरून कोंबडीला घालणे ही आपल्याकडची सर्रास सवय. विषाणूच्या रोगावर तिचा उपयोग शून्य. उलट औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडे आपल्याच नातवंडाच्या ताटात येते. अशा वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. माणसाच्या शेवटच्या आधाराचे कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या खाद्यातही जात होते. जुलै २०१९ मध्ये सरकारने प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. तेव्हा गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावी, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचारून घ्यावे.

आजारी कोंबडीला हात लावून झाल्यावर साबणाने हात धुवावेत. तोंडाला फडके बांधावे. लहान मुलांना तिचा मुका घेऊ देऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे सिंड्रोमची साथ आली. तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. हा जंतू निरोगी कोंबडीच्या आतड्यातही सुखाने राहतो. यात कोंबडीचा दोष नाही. हात न धुणाऱ्याचा आहे.

श्रोतेहो, कोंबडीची एवढी उठाठेव कशाला, असे अजूनही कुणाला वाटत असेल, तर त्यांना तीन आजारी कोंबड्यांची हकिकत सांगतो.

पहिली फ्रान्समधली. लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करत होते. १८७९ च्या उन्हाळ्यात जंतूंचे जुने झालेले मिश्रण टोचले, तर कोंबड्या थोड्या आजारी पडून बऱ्या झाल्या. नंतर ताजे जंतू टोचले तरी त्यांना काही झाले नाही. प्रयोगशाळेत जंतू दुबळा करून लस बनवता येते, हे तिथे कळले. आज आपल्या दंडावर जी लस टोचली जाते, तिच्या मुळाशी ती कोंबडी आहे.

दुसरी जावातली. १८९० च्या सुमारास डच डॉक्टर आइकमन बेरीबेरी या रोगाचे कारण शोधत होते. त्यांच्या कोंबड्याच लुळ्या पडल्या, आणि काही दिवसांनी आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तर कळले की, त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला पांढरा, सडलेल्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना घालणार नाही म्हणाला. मग त्यांना कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून चालू लागल्या. जीवनसत्त्वांचे शास्त्र त्यातून पुढे आले, आणि १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमनना विभागून मिळाले. आचाऱ्याला काही मिळाले नाही.

तिसरी न्यूयॉर्कची. १९०९ साली एका कोंबडीच्या छातीवर गाठ आली, आणि ती कोंबडी पेटन राउस या तरुण संशोधकापर्यंत पोचली. त्या गाठीतून त्यांनी १९११ मध्ये दाखवले की कर्करोगामागे विषाणूही असू शकतो. लोकांना ते पटायला फार वर्षे गेली. नोबेल मिळाले १९६६ मध्ये, राउस ८७ वर्षांचे असताना. मला त्या कोंबडीच्या मालकाचे कौतुक वाटते. गाठ दिसल्याबरोबर त्याने तिला रश्श्यात घातले असते, तर?

आता सुरीकडे येऊ. मी मुसलमान घरातला, म्हणून हे मी बोललेले बरे. मेलेल्या जनावराचे मांस आमच्याकडे निषिद्ध आहे. त्यामुळे कोंबडी शेवटचे श्वास घेऊ लागली की 'हलाल करून टाका, नाहीतर वाया जाईल' अशी घाई होते. शेजारच्या हिंदू घरांतही शब्द वेगळे असतील, घाई तीच असते. मी एवढेच म्हणतो की, धर्माने मेलेले खाऊ नका असे सांगितले, आजारी जीव मरायच्या आत खाल्लाच पाहिजे असे कुठेही सांगितलेले नाही. उलट तहानेल्या कुत्र्याला विहिरीतले पाणी काढून पाजणाऱ्या बाईचे पाप माफ झाल्याची कथा आम्ही लहानपणी मौलवीसाहेबांकडून ऐकली. कोंबड्याला शिव्या देऊ नका, तो नमाजासाठी जागे करतो, हेही त्यांनीच सांगितले. ज्या कोंबडीची आशा उरलेली नाही आणि जी तडफडते आहे, तिला पशुवैद्यांच्या सल्ल्याने लवकर सोडवणे ही दया आहे. तिला ताटात घेणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या दोन्हींची गल्लत होऊ नये.

या घाईत खरा धोका कापताना आहे. बर्ड फ्ल्यू झालेली कोंबडी सोलताना, पिसे उपटताना विषाणू हातातोंडाशी येतो. नीट शिजवल्यावर तो मरतो, पण तोवर कापणाऱ्याने तो श्वासातून आत घेतलेला असू शकतो. आणि घरी कोंबडी बहुधा बाईच साफ करते, हे विसरू नका.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांना एच५एन१ हा बर्ड फ्ल्यू झाल्याचे जाहीर झाले. भोपाळच्या प्रयोगशाळेने तपासलेली ती भारतातली पहिली साथ. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. मोठ्या पोल्ट्र्यांची नावे वर्तमानपत्रांत आली. पण पांढरे कपडे आणि मुखवटे घातलेली माणसे नवापूरच्या घराघरांतही गेली, आणि परसातल्या पाच-दहा कोंबड्याही त्यांनी नेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत साथ आली, ती तर घरगुती कोंबड्यांतच. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा तेच घडले. त्याच वर्षी जुलैत या विषाणूने देशातला पहिला मानवी मृत्यू नोंदवला गेला, हरियाणातल्या एका लहान मुलाचा.

म्हणून हे लक्षात ठेवा. एक कोंबडी मलूल झाली तर वर सांगितलेली शुश्रूषा करा. पण दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, आसपास कावळेही मरून पडलेले दिसले, तर शुश्रूषा तिथेच थांबवा. कुणाला हात लावू देऊ नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. साथीचे रोग कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे २००९ चा केंद्रीय कायदाही सांगतो. लोक कळवत नाहीत, कारण भीती असते की सगळ्याच कोंबड्या नेतील. ती भीती खोटी नाही. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मरून गेलेल्यांची नव्हे. म्हणजे लपवणाऱ्याच्या कोंबड्याही जातात आणि पैसेही. मेलेली कोंबडी नदीत किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ती कशी पुरायची हे डॉक्टरांना विचारा. साधारण रीत अशी की खोल खड्डा, वर चुना, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्यावर दगड.

शेवटी हिशेबाची गोष्ट. कोंबडीला घेऊन दवाखान्यात जायचे रिक्षाभाडे कोंबडीच्या किमतीच्या वर जाते, हे मला ठाऊक आहे. या हिशेबाने तिला कापणेच शहाणपणाचे ठरते. पण घरातले पोर हे सगळे बघत असते. मलूल झालेल्या जिवाला आपण खोक्यात ऊब देतो, थेंबथेंब पाणी पाजतो, की त्याच्याकडे बघून कांदा चिरायला घेतो, हे ते लक्षात ठेवते. उद्या घरातले एखादे म्हातारे माणूस मलूल होऊन कोपऱ्यात बसेल, तेव्हा त्याच्या खर्चाचा हिशेब मांडायचा की त्याला आधी पाणी द्यायचे, हे त्या पोराला वेगळे शिकवावे लागू नये.

तुमच्या परसात कोंबड्या असतील, तर उद्या सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे थांबून बघा. सगळ्या बाहेर आल्या का, एवढेच मोजा.